मायेचा समास

आईच्या पायमशीनवर सुईच्या उजव्या हाताला पांढऱ्या चिकटपट्टीचा बोटभर तुकडा लावलेला असायचा. जखमेवर लावतात तीच कापडी पट्टी, औषधाच्या दुकानातून आणलेली. मशीन काळं कुळकुळीत, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, आणि मधेच ही पट्टी. लहानपणी मला वाटायचं, मशीनलाच काहीतरी लागलं आहे. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी जून महिन्यात ते मशीन दिवसभर चालायचं, कारण विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीला उघडतात आणि गल्लीतल्या निम्म्या पोरांचे गणवेश आईकडे शिवायला असायचे. मी पहिल्यांदा मशीनवर बसले तेव्हा ती मागे उभी राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "सुईकडे काय पाहून राहिली? पट्टीकडे पाह."

कवितेचं रसग्रहण करतात, बंदिशीचं करतात, मंदिराच्या खांबाचंही करतात. मला ते करायचं आहे त्या बोटभर पट्टीचं आणि तिच्या गोतावळ्याचं. मशीनच्या पाटाला स्क्रूने बसणारं गाईड, चुंबकाचा ठोकळा, काटकोनात वाकवलेली सळई, कड गुंडाळणारा शंखासारखा पाय आणि शेवटच्या अर्ध्या इंचासाठी हातात धरायचा टोचा. मशीनच्या सुट्या भागांच्या दुकानात यातलं बरंचसं कागदाच्या पुडीत बांधून मिळतं. शोकेसमध्ये मांडावं असं त्यात काही नसतं. पण शिवण सरळ येते ती यांच्यामुळे, आणि सरळ शिवण ही मला आजही सुंदर गोष्ट वाटते.

आईच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. नवशिक्याची नजर सुईवर का जाते? ती हलते, चमकते, आणि तिची भीती वाटते. पण सुईला बघण्यासारखं काही नसतं. ती जागच्या जागी वर जाते आणि खाली येते. वाकडेपणा सुईपाशी दिसतो तेव्हा तो शिवून झालेला असतो, मग उसवण्याशिवाय हातात काही उरत नाही. जे अजून सावरता येईल ते सगळं सुईच्या अलीकडे, आपल्या बाजूला असतं, कापडाच्या कडेत. सायकल शिकताना पुढच्या चाकाकडे बघणारं पोर पडतंच. रस्त्याकडे बघणारं तोल सावरतं. पट्टीचं काम एवढंच: नजरेला बसायला जागा देणं. कड पट्टीला लागून चालली आहे ना, एवढंच बघायचं, सुई आपलं काम करते.

हे शक्य झालं कारण कापड मशीन स्वतः पुढे नेतं. सुरुवातीपासून असं नव्हतं. इलियास हाव यांनी १८४६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या मशीनमध्ये कापड एका पट्टीवरच्या टाचण्यांना अडकवून उभं लटकवावं लागे. पट्टीच्या लांबीएवढी टीप झाली की मशीन थांबवायचं, कापड काढायचं, पुन्हा टाचण्यांवर चढवायचं. म्हणजे वाट दाखवणारं साधन तिथेही होतंच, पण ते कापडाला बांधून ठेवणारं होतं. पुढे ॲलन विल्सन यांनी दातेरी पट्टीची चार पावलांची चाल शोधली, तिचं पेटंट १८५४चं. दाते वर येतात, कापड पुढे नेतात, खाली बसतात, मागे येतात. वर, पुढे, खाली, मागे. आज घराघरातलं मशीन याच चार पावलांवर चालतं. दाते खाली असतात तो क्षण मला फार आवडतो. त्या क्षणी कापड मोकळं असतं, हाताने किंचित वळवावं तर वळतं. सरळ रेषेइतकीच वळणदार शिवणही त्यामुळेच शक्य झाली.

यंत्रांबद्दल कठोर बोलणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये एका संवादात सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद म्हणून बाजूला काढलं होतं. माणसाचे हातपाय निकामी करणारं यंत्र त्यांना नको होतं, आणि शिलाई मशीन त्यात बसत नव्हतं. पुढे १९३६ मध्ये ते आमच्या नागपूरपासून सत्तरेक किलोमीटरवर सेगावात राहायला आले, त्याचंच सेवाग्राम झालं. शिवताना मला तो अपवाद आठवतो, कारण दात्यांनी हाताचं एकच काम काढून घेतलं, ढकलण्याचं. दिशा दाखवण्याचं काम हाताकडेच राहिलं. आई म्हणायची, "कापड ओढू नको बाप्पा, मशीन नेते त्याले." मागून ओढलं की टाके लांबतात, सुई वाकते, कधी पत्र्यावर आपटून तुटतेही.

तरी कापड भरकटतं, त्याचं कारण दाते फक्त खाली आहेत. खालच्या थराला दाते पुढे नेतात, वरच्या थराला कापड दाबून धरणारा पाय घासतो. खालचा थर पुढे, वरचा रेंगाळत मागे. लांब टीप संपते तेव्हा वरचं कापड दोन सूत जास्त उरलेलं असतं. त्यात उभ्या धाग्यावर कापलेलं कापड निमूट चालतं, आडवं थोडं सैलावतं, आणि उरेब कापलेलं तर हात लावला की ताणतं. म्हणून गाईड लावलं की झालं असं नाही. डावा तळवा कापडावर सपाट, उजवी बोटं कडेपाशी, वरच्या थरावर हलकी. गाईड एका बाजूची जबाबदारी घेतं, बाकीची हातांची.

'सूत' हा शब्द आलाच आहे तर थोडं थांबते. इंचाचे आठ भाग केले की एकाला सूत म्हणतात. शिंपी म्हणतो, सुतार म्हणतो, गेट बनवणारा वेल्डरही म्हणतो. सूत म्हणजे धागा, आणि सूत म्हणजे माप. सुतार हा शब्दच मुळात सूत्रधारावरून आलेला. धाग्यानेच सरळ रेघ आखायची आणि धाग्याच्याच नावाने ती मोजायची, हे आपल्या भाषेला सुचलं. टेपवर तीन अष्टमांश वाचायला डोकं चालवावं लागतं, पण "तीन सूत" म्हटलं की बोटांना अंतर कळतं.

आणि त्याहून सुंदर शब्द आहे माया. शिलाईसाठी कडेला जे जादा कापड सोडतात त्याला आपण माया म्हणतो. "दोन्ही बाजूंनी इंचभर माया ठेव," असं आई गणवेश कापताना सांगायची. वाढत्या पोराचा शर्ट पुढच्या वर्षी उसवून सैल करता यावा म्हणून बाजूच्या शिवणीत ही माया जास्त सोडायची. आता पाहा, टीप इकडेतिकडे नागमोडी गेली तर माया एके ठिकाणी इंचभर आणि एके ठिकाणी चार सूत. पुढच्या जूनमध्ये शर्ट सैल करायला घेतला की जिथे ती सगळ्यात कमी, तेवढीच साऱ्या शर्टाच्या कामी येते. बाकीची वाया. पट्टीला धरून चाललेली टीप वर्षभराने उपयोगी पडते, हे मी आमच्या गल्लीत पाहिलं आहे. वहीच्या पानावर डावीकडे समास असतो, त्या रेघेपलीकडे लिहायचं नाही. आईची पट्टी हा मशीनवर उजवीकडे आखलेला मायेचा समास होता.

पट्टी लावण्याची रीत सांगते, कारण सगळी अचूकता त्यातच आहे. इंचपट्टी पायाखाली सरकवायची. चाक हाताने फिरवून सुई हळूहळू खाली आणायची आणि तिचं टोक एक इंचाच्या रेघेवर टेकवायचं. शून्यावर नाही, कारण वापरलेल्या पट्टीचं टोक झिजलेलं असतं. तिथून उजवीकडे हवी ती सुतं मोजायची, साध्या शिवणीला चार किंवा पाच, आणि चिकटपट्टीची डावी कड तिथे बसवायची. पट्टी सुईच्या शेजारी संपता कामा नये. आपल्याकडे निदान तीन बोटं पुढे आलेली हवी, म्हणजे कापड पायाखाली शिरण्याआधीच सरळ होतं. एकावर एक चार-पाच थर लावले तर पट्टीला जाडी येते, आणि जे आधी फक्त डोळ्याला दिसत होतं ते बोटाला लागायला लागतं. आई त्यासाठी जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे तुकडे कापून पट्टीखाली घालायची. रेघेची भिंत व्हायची. मला वाटतं, या साऱ्या साधनांतली सगळ्यात मोठी उडी हीच: रेघेपासून भिंतीपर्यंत. रेघेकडे सतत लक्ष द्यावं लागतं. भिंतीला कापड टेकलं की हाताला आपोआप समजतं, आणि संध्याकाळी साठ वॅटच्या दिव्याखाली थकलेल्या डोळ्यांना ते फार असतं.

जुन्या काळ्या मशीनच्या पाटावर सुईच्या उजवीकडे दोन बारीक आट्यांची भोकं असतात. कितीतरी घरांत ती तेलाची भोकं समजून त्यांत तेल सोडलं जातं. ती या भिंतीसाठीच ठेवलेली असतात. त्यांत स्क्रूने एक लहान लोखंडी गाईड बसतं, त्याला लांबट खाच असते, म्हणून हवं तेवढं जवळ-दूर सरकवता येतं. एकदा आवळलं की शंभर उशांचे अभ्रे शिवा, एका सुतानेही हलत नाही. चुंबकाचं गाईड हे त्याचं धाकटं भावंड. ओतीव लोखंडाच्या पाटावर ते कुठेही चिकटतं, क्षणात काढता येतं. पण अॅल्युमिनियमच्या पाटावर ते धरत नाही, आणि जवळपासच्या टाचण्या ओढून घेतं. दात्यांच्या वाटेत एखादी टाचणी गेली तर सुईच जाते. इलेक्ट्रॉनिक मशीनवर चुंबक ठेवण्याआधी त्याची पुस्तिका वाचावी. माझं मत विचाराल तर एकाच मापाचं भरपूर काम असेल तेव्हा स्क्रूवालं, आणि दर दहा मिनिटांनी माप बदलत असेल तेव्हा चिकटपट्टी. चुंबक मी फारसं वापरत नाही.

वळणाला मात्र लांब भिंत उपयोगाची नाही. ब्लाऊजचा गळा किंवा मुंढा शिवताना लांब पट्टीला कड टेकवायला गेलं तर गोलाई सपाट होते. तिथे गाईड आखूड हवं, सुईच्या अगदी बगलेत, जेमतेम एका ठिकाणी स्पर्श करणारं.

एक गोष्ट या सगळ्या साधनांबद्दल स्वच्छ समजून घ्यायला हवी. ती कडेवर विश्वास ठेवतात. कड वाकडी कापली असेल तर टीपही तितक्याच प्रामाणिकपणे वाकडी येईल. म्हणून खरी सुरुवात कात्रीपाशी, खडूपाशी, आणि त्याहीआधी कापडाच्या स्वतःच्या धाग्यापाशी होते. खादी किंवा सुती कापडाची कड सरळ करायची तर कडेचा एक आडवा धागा सुईच्या टोकाने उचलून हळूहळू ओढून काढायचा. कापडात त्या धाग्याच्या जागी एक बारीक झिरझिरीत रेघ उरते. तिच्यावरून कात्री चालवायची. इतकी सरळ रेघ कुठल्याही पट्टीने आखता येत नाही, कारण ती विणणाऱ्याने आधीच आखून ठेवलेली असते. आमच्याकडच्या करवतकाठी टसर साडीला फॉल लावताना मला हे नेहमी जाणवतं. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी ओळीने चाललेली असते. फॉलची वरची कड त्या दात्यांच्या पायथ्याशी जुळवत गेलं की वेगळं गाईड लागतच नाही.

नागपूरच्या इतिहासात एक कापड असं आहे की त्याच्या शिवणीचा विचार केल्याशिवाय मला राहवत नाही. १९२३च्या मे महिन्यात इथे झेंडा सत्याग्रह सुरू झाला. झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जाण्याला मनाई होती, आणि लोक झेंडा घेऊन निघत राहिले. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, देशभरातून स्वयंसेवक नागपूरला आले, पुढे वल्लभभाई पटेलांनी नेतृत्व घेतलं. तो झेंडा आजचा नव्हता. पांढरा, हिरवा आणि लाल असे तीन पट्टे आणि त्यावर चरखा. पण शिवणाऱ्यासमोरचा हिशेब तोच. तीन सारखे पट्टे म्हणजे दोन जोड. चार फूट उंचीचा झेंडा असेल तर प्रत्येक पट्टा दिसायला सोळा इंच हवा. बाहेरच्या पट्ट्यांना एका बाजूला जोड आणि दुसऱ्या बाजूला दुमड, मधल्याला मात्र दोन्हीकडे जोड. दोन्ही जोडांवर टीप एकेक सूत आत सरकली, तर मधला पट्टा पाव इंच बारीक होतो. पाव इंच म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण टीप एका टोकाला सूतभर आणि दुसऱ्या टोकाला तीन सुतं सरकली तर पट्टा निमुळता होतो, आणि झेंडा वाऱ्यावर पसरला की ते लांबून दिसतं. हाताने धावदोरा घालून शिवलेला असो की मशीनवर, झेंडा शिवणाऱ्याने कडेवर डोळा ठेवून बसायलाच हवं.

आता या गोतावळ्यातल्या सर्वांत कलावंत वस्तूकडे येते, हेमर पायाकडे. रुमालाची, ओढणीची कड बारीक गुंडाळून शिवायचा हा पाय. साध्या पायाला दोन सरळ बोटं असतात. याच्या पुढच्या बाजूला मात्र पोलादाची एक पट्टी आत वळत वळत गेलेली असते, गोगलगायीच्या शंखासारखी. कापडाची कड सपाट आत शिरते, वळणावर एकदा दुमडते, पुढे पुन्हा दुमडते, आणि सुईखाली येते तेव्हा कच्ची कड पोटात गेलेली असते. मला या वस्तूकडे कितीही वेळ बघत बसता येतं. ज्याने ही पहिल्यांदा घडवली त्याने आधी कुणा बाईची बोटं नीट पाहिली असणार. अंगठा आणि तर्जनी कड वळवतात तेव्हा जी हालचाल होते, तीच त्या वळणात गोठलेली आहे.

पण हा पाय शिकायला कठीण आहे, आणि पहिल्या आठवड्यात बहुतेक जणी तो डब्यात टाकून देतात. गोम सुरुवातीत आहे. ओढणीचा कोपरा आधी थोडा तिरपा कातरायचा, म्हणजे तिथली जाडी कमी होते. कडेवर दोन-तीन टाके घालायचे आणि दोरा वीतभर लांब सोडायचा. मग त्या दोऱ्याला धरून कापड शंखात ओढून घ्यायचं. एकदा आत शिरलं की डाव्या हाताचं काम सुरू. कापड शंखाच्या पोटात बरोबर भरलेलं हवं. जास्त शिरलं तर कड जाड, गुठळीसारखी होते. कमी शिरलं तर कच्चा धागा बाहेर डोकावतो. हात किंचित डावीकडे नेला की भरण कमी होतं, उजवीकडे आणला की वाढतं. सुईकडे बघायचं नाहीच, शंखाच्या तोंडाकडे बघायचं. अडीच मीटर मलमलीच्या ओढणीला मला दहा मिनिटं लागतात, आईला पाच लागत. तिचं बघताना असं वाटायचं की कापडाला स्वतःलाच गुंडाळून घ्यायची हौस आहे.

सळईवाल्या गाईडचं थोडक्यात. काटकोनात वाकवलेली ही सळई पायामागच्या भोकात बसते. पहिली टीप काळजीपूर्वक घालायची, मग सळईचं टोक त्या टीपेवरून चालवायचं. दुसरी टीप आपोआप समांतर पडते. गोधडी मशीनवर शिवणाऱ्यांना हिच्याशिवाय चालत नाही. इथे गाईड बाहेरचं नाही, आधीची ओळच पुढच्या ओळीचं गाईड होते.

राहिला शेवटचा अर्धा इंच. टीप संपत आली की कापडाचं टोक पायाखाली जातं आणि बोट तिथे पोचत नाही. पोचवायला गेलं तर सुई बोटात. माझ्या डाव्या तर्जनीतून एकदा सुई आरपार गेली आहे, तो ठिपका अजून दिसतो. नेमकं याच जागी कापडाचं टोक उजवीकडे पळतं, आणि इतका वेळ सरळ आलेली शिवण शेवटी शेपटीसारखी वळते. आई कात्रीच्या टोकाने कापड दाबून न्यायची. कात्री चांगली नव्हे. ती कापड कापते, आणि सुई तिच्यावर आपटली तर मोडते. टोचा चांगला, पण सर्वांत चांगली बांबूची बारीक कामटी. टोक थोडं चपटं घासून घ्यायचं, सुईच्या पुढे सूतभर अंतरावर कड दाबून धरायची आणि पायाच्या खाली जाईपर्यंत सोबत न्यायची. चुकून सुई तिच्यावर आलीच तर कामटी तुटते, सुई वाचते आणि बोट तर दूरच असतं. कशिदा असो की गणवेश, शिवणारीच्या कामाची पारख मी टीपेच्या शेवटच्या अर्ध्या इंचावरून करते. मध्यभाग कुणालाही सरळ येतो.

तुमच्या घरी मशीन असेल आणि एखादं पोर ते शिकायला मागत असेल, तर त्याला कापड देण्याची घाई करू नका. सुईतला दोरा काढून घ्या. गेल्या वर्षीच्या वहीचं एक रेघांचं पान फाडून पायाखाली ठेवा आणि सांगा, या रेघेवरून नुसती सुई चालव. रेघ जमली की पाटावर चिकटपट्टी लावा, सुईपासून पाच सूत मोजून. पानाची कड त्या पट्टीला लावून द्या, मागे उभे राहा, आणि सुईकडे बघू देऊ नका.